बोकड कापल्यानंतरची बैठक

बोकड सकाळीच कापला होता, त्यामुळे देवाची इच्छा काय असावी याबद्दल टाकळीबनच्या मंडळीत फारशी शंका उरली नव्हती.

चर्चच्या मागे चूल पेटली होती. महिला मंडळ मसाला वाटत होतं. दारावर यशया पेंटर शिडीवर चढून कापडी फलक बांधत होता : 'आमचे नवे पाळक रेव्ह. जयवंत अमोलिक यांचे हार्दिक स्वागत'.

जयवंत अमोलिक म्हणजे मी. 'रेव्ह.' मात्र मी अजून नव्हतो. मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो. रेव्हरंड व्हायला आधी नोकरी सोडायची, मग परगावी सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, तीन वर्षं काढायची, मग दीक्षा, मग कुठे परत यायचं. पण यशया म्हणाला, "सर, कापड आजच धुतलंय. तीन वर्षांनी पुन्हा कोण धुणार?"

हे तर्कशुद्ध होतं. त्या दिवसांत आमच्याकडे सगळंच तर्कशुद्ध वाटत होतं.

"यशया, उजवी बाजू वर घे! पाळक तिरका दिसतोय!" हे शिमोनआप्पा हिवाळे. पंच कमिटीचे चेअरमन, एस.टी.तले निवृत्त वाहतूक नियंत्रक. स्टँडवर माइक बंद पडला तरी त्यांच्यामुळे एकाही गाडीची घोषणा कधी अडली नव्हती. "जयवंता, तू इथं काय करतोस? नवरदेवानं मांडवात हिंडू नये. आत जाऊन बस."

"आप्पा, बेलपिंपरीचे पाहुणे अजून यायचेत. काही ठरलेलं नाही."

"ठरलेलं नाही कसं? बोकड काय हवा खायला गेला?"

पाहुण्यांचं सांगायला हवं. आमच्या भागातल्या चर्चच्या मंडळ्यांचा एक जुना रिवाज होता, पाहुण्यांची बैठक. एखाद्या मंडळीला मोठा निर्णय घ्यायचा असला की तिनं शेजारच्या मंडळीला बोलवायचं. आपल्या गावात आपल्याला देवाचा आवाज कोणता आणि आपला कोणता हे कळेनासं होतं, परक्याला कदाचित कळेल, अशी त्यामागची कल्पना. पाहुण्यांनी सल्ला द्यायचा नाही. फक्त प्रश्न विचारायचे, आणि तेही ज्यांचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही असेच. बैठक संपेपर्यंत दोन्ही मंडळ्यांनी उपाशी राहायचं. शेवटी पाहुण्यांनी एवढंच सांगायचं की आम्हाला काय ऐकू आलं. निर्णय यजमानांचा.

टाकळीबननं ही बैठक कित्येक वर्षांत बोलावली नव्हती. आताही बोलावली ती मध्यवर्ती कमिटीनं अट घातली म्हणून. सेमिनरीसाठी उमेदवाराचं नाव पाठवायचं तर बैठक झालेली हवी. आप्पांच्या लेखी ती गाडी सुटण्याआधीची तिकीट तपासणी होती.

आणि उमेदवार मी कसा झालो, तर एका उपदेशामुळे. आमचे पाळक निवृत्त होऊन लेकाकडे गेले होते, नवा कुणी टाकळीबनला यायला तयार नव्हता. एका रविवारी ठरलेले उपदेशक आले नाहीत आणि आप्पांनी मला ढकललं. मी थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या विश्वासावर बोललो. एस.टी. दिसत नाही, तिचा आवाज येत नाही, कंट्रोलर म्हणतो ती निघालीच नाही, तरी हा माणूस पिशवी खाली ठेवत नाही. मंडळी हसून हसून बाकांवरून घसरली. पुढच्या रविवारी पुन्हा मला उभं केलं. मग शेजारच्या वाड्यांवरून लोक येऊ लागले. मग आप्पांना स्वप्न पडलं की मी पांढरा झगा घालून नदीकाठी उभा आहे. आठवड्याभरात ते स्वप्न निम्म्या मंडळीला पडलं. ज्यांना पडलं नव्हतं ते जरा ओशाळून वागू लागले.

मला हे सगळं आवडत होतं. खोटं कशाला बोलू? वर्गात मागणी-पुरवठा शिकवताना पोरं खिडकीबाहेर बघत. इथं म्हाताऱ्या बायका माझ्याकडे बघून डोळे पुसत. माणसाला आणखी काय हवं असतं?

माझी बायको शलोमी दवाखान्यात नर्स होती. तिला पडलेल्या स्वप्नांत मी नव्हतो. सकाळी माझ्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करताना ती म्हणाली, "प्राचार्यांशी बोललास?"

"बोललो. आज ठरलं की उद्या राजीनामा."

"आणि मी?"

"तुलाही तिकडे एखादा दवाखाना मिळेल की."

"मिळेल," ती म्हणाली आणि कॉलर पुन्हा दाबली. शर्ट घातला तेव्हा कॉलर इतकी कडक झाली होती की मला मान वळवता येईना.

पाहुणे जीपनं आले. तिघं. पुढे एस्तेरबाई उजागरे, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, करड्या केसांचा घट्ट अंबाडा. त्यांच्या मागे बेलपिंपरीचे पाळक मकासरे, इतके सडपातळ आणि गप्प की जीपमधून ते उतरले हे आम्हाला नंतर कळलं. आणि शेवटी दाऊद त्रिभुवन, बेलपिंपरीच्या दाऊद ब्रास बँडचे मालक. त्यांच्या हातात खंजिरी होती.

"सलाम, सलाम! या!" आप्पा धावले. "खंजिरी कशाला आणलीत? आमच्याकडे ढोलकी आहे."

"ही गाण्याची नाही, आप्पा," दाऊद म्हणाले. "बैठकीची आहे. कुणी सल्ला दिला किंवा उत्तर ठाऊक असलेला प्रश्न विचारला की मी वाजवतो. आमच्याकडे आमच्यावरच वाजते जास्त."

एस्तेरबाई दारात थांबल्या. फलक वाचला. मग नाक किंचित वर करून हवा हुंगली.

"आप्पा, बोकड कधी कापला?"

"सकाळी. ताजा आहे."

"आणि बैठक किती वाजता आहे?"

"आता. तुम्ही आलात की लगेच."

बाईंनी मान डोलावली. "बरं," त्या म्हणाल्या. "हा पहिला प्रश्न झाला."

आप्पांना तो प्रश्न होता हे कळलं नाही. मला कळलं, पण मी फलकाकडे बघत होतो.

चर्च गच्च भरलं होतं. सगळे सकाळपासून उपाशी, आणि मागच्या खिडकीतून रश्श्याचा वास आत येऊन प्रत्येक बाकावर टेकत होता. प्रार्थना झाली. मला पुढे खुर्चीवर बसवलं. तिघं पाहुणे समोर.

सुरुवात आमच्याकडूनच झाली. पोस्टमास्तर लोंढे उभे राहिले. "पाहुण्यांना माझा प्रश्न आहे. अमोलिक सरांसारखा वक्ता उभ्या जिल्ह्यात नाही असं तुम्हाला वाटत नाही का?"

ठण्ण! खंजिरी वाजली. लोंढे दचकून खाली बसले.

महिला मंडळाच्या खजिनदार उठल्या. "इतक्या जणांना एकच स्वप्न पडलं, मग आणखी काय पुरावा पाहिजे?"

ठण्ण!

"अहो, पण हा प्रश्नच आहे!"

"उत्तर ठाऊक असलेला आहे, ताई," दाऊद अदबीनं म्हणाले.

तिसऱ्यांदा वाजली तेव्हा लोक हसले. चौथ्यांदा वाजली तेव्हा कुणी काही बोललंच नव्हतं. आप्पांनी नुसतं तोंड उघडलं होतं.

"आप्पा," एस्तेरबाईंनी विचारलं, "स्वप्नात सर काय करत होते?"

"उभे होते. झगा घालून."

"गप्प?"

"छे! बोलत होते. काय बोलत होते! आम्ही सगळे हसत होतो."

"आणखी कुणाच्या स्वप्नात ते काही वेगळं करत होते का?"

मंडळी विचार करू लागली. एकजण म्हणाला, माझ्या स्वप्नात सर घोड्यावर होते. घोड्यावरून काय करत होते? बोलत होते. एकीच्या स्वप्नात मी गच्चीवर होतो. तिथेही बोलतच होतो. बसलेला, चालणारा, ओझं उचलणारा अमोलिक उभ्या टाकळीबनला स्वप्नातही दिसला नव्हता. मला पहिल्यांदा कॉलर टोचली.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "सर, तुम्हाला पाळक का व्हायचंय?"

या प्रश्नाची माझी तयारी होती. मी उठलो आणि दीपस्तंभ, मेंढरं आणि तहानलेली जमीन या तिन्हींना एकाच परिच्छेदात बसवलं. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी "हालेलुया!" म्हणालं.

"फार सुंदर," एस्तेरबाई म्हणाल्या. त्यांना ते मनापासून सुंदर वाटलं होतं, हे दिसत होतं. "आणि टाळ्या थांबल्यावर?"

"म्हणजे?"

"मलाही ठाऊक नाही. म्हणून विचारते."

मी विनोद करायला गेलो. तो आला नाही. त्याच्या जागी दुसरंच काहीतरी तोंडातून गेलं. "लोक हसले की मला बरं वाटतं, बाई."

"आणि हसले नाहीत की?"

"मग मी घरी जातो."

हे ऐकून लोक हसले. मग हळूहळू थांबले. शलोमी बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर होती. ती मघापासून हसली नव्हती, आता मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती, जणू खूप दिवसांनी कुणी ओळखीचं भेटलं होतं.

तेवढ्यात दाऊदनी खंजिरी मांडीवर ठेवली. "माझा एक आहे. सगळ्यांना. घरात काही विपरीत झालं तर तुम्ही पहिल्यांदा कुणाकडे पळता?"

मंडळीनं सौजन्य म्हणून माझ्याकडे पाहिलं. मीही सौजन्य म्हणून माझ्याकडे कोण कोण आलं होतं ते आठवू लागलो. सत्काराला बोलवायला आले होते. निबंध तपासून घ्यायला आले होते.

मग सुमनबाई खरात उठल्या. त्यांचे यजमान गेल्या वर्षी वारले होते.

"हे तालुक्याच्या दवाखान्यात गेले," त्या म्हणाल्या. "घरी कसं आणायचं मला सुचंना. मी आप्पांकडं गेले."

"सुमन, त्याचं आता काय?" आप्पा म्हणाले. "विषय जयवंताचा चाललाय."

"आप्पांनी कांद्याचा टेम्पो अडवला. बाजाराला निघाला होता. ड्रायव्हर ऐकंना. मग आप्पांनी स्वतः वर चढून गोण्या खाली टाकाया सुरुवात केली."

"त्याला समजावूनच सांगितलं होतं," आप्पा म्हणाले. "गोण्या नंतर."

हशा झाला, पण वेगळा. बाकांमधून एक हालचाल गेली. लोंढे पोस्टमास्तरांची धाकटी मार्था उभी राहिली. वडिलांकडे न बघता घाईघाईनं म्हणाली, "बारावीला नापास झाले तेव्हा मी स्टँडवर गेले होते. परत यायचं नाही म्हणून. आप्पा तिथं रोज बसतात ना, रिटायर झाले तरी. त्यांनी भेळ खाऊ घातली, आणि मला घेऊन घरापर्यंत आले."

लोंढे उठले. "काय? घरी तर तू मैत्रिणीकडून आलीस म्हणून सांगितलंस!"

"मैत्रीणच की मी," आप्पा ओरडले. "लोंढे, खाली बसा! पोरगी परत आली ना? मग?"

आता चर्च जागं झालं. जो तो उठू लागला. कुणाच्या आईच्या शेवटच्या दिवशी, कुणाच्या भावांच्या भांडणात, कुणाच्या बाळंतपणात. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. दाऊद खंजिरी मांडीवर घेऊन बसले होते आणि ती एकदाही वाजवायची वेळ आली नाही. प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्याच बाबतीत घडलंय. आप्पांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ज्यांच्याबाबत घडलं त्यांना सांगायची लाज होती.

सगळ्यात शेवटी यशया पेंटर दारातूनच म्हणाला, "संध्याकाळी आप्पा माझ्याकडे येतात. मी गुत्त्यावर जाऊ नये म्हणून. आम्ही रमी खेळतो."

बाकांवर कुजबुज उठली. चेअरमन आणि पत्ते!

"काड्यापेटीच्या काड्या लावून!" आप्पा गरजले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "नुसत्या काड्या! आणि यशया, हे सांगायची ही जागा आहे का रे?"

"पण गेल्या दिवाळीपासून मी प्यालो नाही," यशया म्हणाला.

मी खुर्चीत बसून हे ऐकत होतो. उमेदवाराची खुर्ची अजून माझीच होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. अपमान व्हायला हवा होता. झाला नाही; मी आप्पांकडेच बघत होतो. वाळवंटात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखाली पाणी लागावं आणि त्या बिचाऱ्याला अजून चिखलाचाच राग यावा, तसे आप्पा उभे होते. या माणसाला मी लहानपणापासून ओळखत होतो. रविवारच्या शाळेत त्यांनी माझा कान पिळला होता. आणि माझ्याकडे त्यांच्याविषयी सांगायला आवाजाखेरीज काहीही नव्हतं.

मग मी विचारलं. उमेदवारानं विचारायचं नसतं. पण बाहेर पडलं.

"आप्पा, रात्री कुणी दार वाजवलं तर दार उघडून तुम्ही आधी काय करता?"

दाऊदचा हात सवयीनं खंजिरीकडे गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तो मागे घेतला.

आप्पा गोंधळले. "मी? आधी?" त्यांनी खरोखरच आठवून बघितलं. "आधी शिव्या घालतो. म्हणतो, ह्या वेळेला मरायला आलास का? मग चपला घालतो."

"मग?"

"मग काय? मग जातो. चपला कशाला घातल्या?"

कुणी हसलं नाही. खिडकीतून रश्श्याचा वास आला आणि तसाच उभा राहिला. सुमनबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

एस्तेरबाईंनी मकासरे पाळकांकडे पाहिलं, दाऊदकडे पाहिलं, मग उठल्या.

"आम्हाला दोन गोष्टी ऐकू आल्या," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे एक फार चांगला बोलणारा आहे. आणि तुमच्याकडे एक चपला घालणारा आहे. आमचं काम संपलं. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

मग जो गलका झाला तो टाकळीबननं नाताळातही केला नसेल. कुणीतरी "आप्पा! आप्पा!" सुरू केलं. आप्पा दोन्ही हात वर करून ओरडत होते, "वेडे झालात का? सातवी पास माणूस मी! तोंडात शिव्या! मला सेमिनरीचा शिपाई तरी आत घेईल का? मला कुणी विचारलं का? आँ?"

"विचारतोच आहोत, आप्पा," मी म्हणालो.

बैठकीभर पहिल्यांदाच आप्पांचा आवाज खाली आला. "जयवंता, तुझा फलक लावलाय रे बाहेर."

"मागची बाजू कोरी आहे," यशया दारातून म्हणाला. तो शिडी आणायला निघालाही होता.

"पण बाप्तिस्मा? प्रभुभोजन?" आप्पा अजून वाट शोधत होते. "मला दीक्षा नाही. ते कोण देणार?"

तेव्हा मकासरे पाळकांनी तोंड उघडलं. दिवसभरात पहिल्यांदाच. त्यांचा आवाज आहे हेच आम्हाला नवीन होतं.

"मला विचारताय?"

"हो, तुम्हालाच."

"मग सांगतो. महिन्यातून एकदा मी येईन. बाकीचे दिवस तुम्ही सांभाळा." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि मी येईन तेव्हा बोकड नको. मला पचत नाही."

आप्पा बाकावर बसले. चेहरा हातांत धरला. मग त्यांनी मान वर केली, नाक शिंकरलं आणि दरडावून म्हणाले, "पाहुणे उपाशी आहेत. पंगत बसवायची का माझं तोंड बघत बसायचं?"

हा होकार होता, हे सगळ्यांना कळलं.

पंगतीत एस्तेरबाई माझ्या शेजारी बसल्या. शलोमी वाढत होती. माझ्या ताटात तिनं मटणाचा एक तुकडा जास्त टाकला. सांत्वनाचा की आनंदाचा, ते मी विचारलं नाही.

"सर, वाईट वाटलं?" बाईंनी भाकरी मोडत विचारलं.

"थोडं. पण भूक जास्त लागली होती."

"पुढच्या महिन्यात आमच्याकडे बैठक आहे. आमच्या तरुण संघाला उपासना मोठ्या हॉलमध्ये न्यायची आहे. सगळ्यांना ती देवाची इच्छा वाटते. मलाही वाटते, म्हणून मला भीती वाटते. तुमच्या मंडळीतून तुम्ही या."

"मी? आज मी तर नापास झालो."

"तुम्ही किती वर्षं शिकवताय?"

"सात."

"सात वर्षांत वर्गात असा एक तरी प्रश्न विचारलात का, ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी विचार केला. रस्सा हाताच्या कोपरापर्यंत ओघळला.

"आज विचारलात," त्या म्हणाल्या. "म्हणून म्हणते."

घरी येताना शलोमी माझ्या पुढे चालत होती. दार उघडल्यावर माझ्या लक्षात आलं की घर जसंच्या तसं होतं. महिन्याभरापूर्वी मी तिला म्हणालो होतो, हळूहळू सामान बांधायला घे. तिनं एक कपसुद्धा हलवला नव्हता.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "मला फक्त तुझी खात्री नव्हती." आणि माझ्या मानेभोवतीची कॉलर सोडवून तिनं शर्ट धुण्यात टाकला.

आप्पांनी पुढे चौदा वर्षं टाकळीबन सांभाळलं. दीक्षेविना, शिव्यांसकट. मी महिन्यातून एखादा उपदेश करत असे. ते पहिल्या बाकावर बसून मोठ्यानं हसत, आणि नंतर सांगत की फार लांबलं.

त्या बैठकीनंतरच्या महिन्यात मी बेलपिंपरीला गेलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं. जीपमधून उतरलो, दाऊदनी माझ्या हातात खंजिरी दिली आणि म्हणाले, आज तुम्ही वाजवा, बैठक आमचीच आहे, मला आमच्या लोकांना सोडून द्यायचा मोह होईल. चर्चच्या दारात मी थांबलो. फलक नव्हता. नाक वर करून हवा हुंगली. कुठेही चूल पेटलेली नव्हती.

म्हणजे आज काहीही होऊ शकत होतं.